तीन जोड्यांचे पान

रत्नागिरीला जाणाऱ्यांसाठी तीन सूचना आधीच लिहून टाकते. आगबोटीत पोटभर जेवून चढू नये. ट्रंकेला कुलूप असले तरी वरून दोरी बांधावी, कारण ती बोटीवरून खालच्या पडावात, म्हणजे किनाऱ्याला नेणाऱ्या होडीत, फेकली जाते. आणि कागद असतील ते मेणकापडात गुंडाळावेत. पहिल्या दोन गोष्टी मला चुकून कळल्या. तिसरी आधी सुचली होती, म्हणून कोरे कागद कोरे पोचले. शाईची दौत मात्र फुटली आणि माझे बरे लुगडे तेवढे निळे झाले.

मी पुण्यात मुलींच्या शाळेत गणित शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत मी सहसा कपाटे आवरते. गेल्या दिवाळीत रत्नागिरीला गेले ती सरांच्या पत्रावरून. सर म्हणजे कॉलेजातले आमचे गणिताचे प्रोफेसर. वर्गात आम्ही दोनच मुली होतो. आमची कौतुके करणारे पुष्कळ होते आणि थट्टा करणारे त्याहून जास्त. सर दोन्ही करत नसत. मुलगा असो की मुलगी, ते एकाच आवाजात म्हणत, “उत्तर चुकलं. पुन्हा करा.” त्या आवाजामुळे मी गणित घेतले.

पेन्शन घेऊन ते शिरगावच्या पुढे आपल्या वाडीत जाऊन राहिले. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. पत्र त्यांच्या मुलीच्या, वेणूच्या अक्षरात होते. त्यात लिहिले होते की माझा सिद्धान्त पुरा झाला आहे. कलकत्त्याच्या गणिताच्या मासिकाकडे पाठवण्यापूर्वी तू येऊन ओळ न् ओळ तपासावीस आणि स्वच्छ प्रत करावीस. शेवटी एवढेच: “माझ्या हातून सांगण्यासारखे एवढेच होणार आहे. तेव्हा नीट तपास.”

मी उलट टपाली कळवले की नऊ दिवस राहीन.

बोटीवर

बोटीत डेकवर माझ्या शेजारी संगमेश्वराकडची एक बाई होती. मुंबईच्या गिरणीतून नवऱ्याला घरी घेऊन चालली होती. तो घोंगडीत गुंडाळून भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि दर थोड्या वेळाने खोकत होता. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, फक्त खोकला थांबला की हात लावून बघत होती. मला विचारले, “तुमचा कोन आजारी हाय?” या दिवसांत उगाच कोणी गावाला जात नाही, हे तिने धरलेच होते. मी म्हणाले, कोणी नाही, मी गणित तपासायला चालले आहे. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “म्हंजे वाटनीचा गनित.” मी हो म्हटले. पुढे बोलायला मला वेळ मिळाला नाही, कारण मी कठड्याशी जाऊन उभी राहिले आणि मुंबईत खाल्लेले सगळे समुद्राला दिले.

रत्नागिरीत बोट धक्क्याला लागत नाही. ती दूर उभी राहते आणि खाली पडाव हेलकावत असतो. खलाशी दंडाला धरून “आता” म्हणाला की पाय सोडायचा. त्या आजारी माणसाला चौघांनी घोंगडीसकट उतरवले. धक्क्यावर पोचेपर्यंत तो खोकला नाही, आणि ती बाई सारखी हात लावून बघत राहिली.

वाडी

बैलगाडी सरांनी पाठवली होती. गाडीवान गंगाराम. त्याने माझी ट्रंक उचलली आणि विचारले, “बाय, ह्या पेटीत चिरे भरल्यात काय?” मी म्हणाले, कागद आहेत. तो म्हणाला, “आंधल्या अण्णांकडं अजून कागद? अख्खा दिस आकडे बोलत्यात ते. माझी बायको म्हंते, मंत्र हाय. मी तिला म्हनलो, मंत्र असता तं डोले नसते आले?”

वाटेवर भाताची कापणी चालू होती. शेतात बायका आणि म्हातारे, कर्ते पुरुष सगळे मुंबईत. देशावर कापणीला गाणी ऐकू येतात. इथे विळ्यांचा आवाज तेवढा येत होता. शेते संपली की काळा कातळ सुरू होतो, मैलच्या मैल, त्यावर सुकलेले गवत. पाहत राहावे असे काही नाही, पण डोळा दुसरीकडे जाऊही शकत नाही.

सर ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. फार वाळले होते. पावलांच्या आवाजाकडे तोंड करून म्हणाले, “आलीस? उशीर केलास.”

मी म्हणाले, बोट उशिरा सुटली.

“मग बोटीला सांग,” सर म्हणाले. “वेणू, चहा आण गो हिला. पुण्याचा नव्हे हो, यात दूध असतं.”

वेणू छत्तीस वर्षांची. आई आजारी होती तोवर लग्न लांबले आणि आई गेल्यावर कोणी विषय काढला नाही. मराठी चौथीपर्यंत शिकलेली. सहा वर्षे ती सरांचा टाक झाली होती. सकाळची पेज झाली की सर झोपाळ्यावर बसून बोटांच्या पेरांवर मोजत बोलत आणि ती बैठ्या मेजावर लिहून घेई. बेरीज, गुणाकार, कंस कसे सोडवायचे हे त्यांनी तिला शिकवले होते. कशासाठी, ते शिकवले नव्हते. दुपारी सर जरा पडले की त्यांनी सांगितलेली उदाहरणे ती सोडवून ठेवी. अशा चौदा वह्या भरल्या होत्या. एवढे गोल, एकसारखे अक्षर मी माझ्या शाळेतही पाहिलेले नाही.

ती मला म्हणाली, “मला काही कळत नाही हो इंदूताई यातलं. पण ओळ सरळ येते.”

ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडू नये. मी तो माझ्या सातवीच्या मुलींना वाचून दाखवला आहे आणि त्यांना तो कळला.

क आणि ख ही दोन अक्षरे घ्या. त्यांची अदलाबदल केली तरी क अधिक ख तेच राहते, क गुणिले ख तेच राहते. अशा न बदलणाऱ्या राशींना सर अविकारी म्हणत. अक्षरे पुष्कळ असली आणि अदलाबदलीचे प्रकार मोजके असले, तर सगळ्या अविकारी राशी काही थोड्या लहान अविकारी राशींची बेरीज आणि गुणाकार करून मिळतात. त्या लहान राशी किती मोठ्या घ्याव्या लागतात, हा प्रश्न. नेहमीच्या अंकगणितात याचे उत्तर जर्मनीत सिद्ध झालेले आहे: अदलाबदलीचे प्रकार जितके, त्याहून जास्त अक्षरांचा गुणाकार लागत नाही. काहीच न हलवणे हाही एक प्रकार धरायचा. पण त्या रीतीत प्रकारांच्या संख्येने भागावे लागते. आता असे अंकगणित घ्या की त्यात सम की विषम एवढेच पाहायचे. त्यात दोन म्हणजे शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. सरांचे म्हणणे असे की भागाकार न करताही तोच नियम तिथे खरा ठरतो. त्यासाठी त्यांनी नवी वाट काढली होती. चौदा वह्या त्या वाटेच्या.

पहिले तीन दिवस

माझे वेळापत्रक असे: सकाळी सरांकडून एकेक पायरी ऐकायची, दुपारी ती वहीशी ताडून पाहायची, ऊन उतरल्यावर प्रत करायची. दुपारी इथे सगळी वाडी झोपते. पुण्यात दुपारी झोपणारा माणूस निदान पेपर तोंडावर घेतो. इथे तसा आडपडदा नाही. जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, आगळाची म्हणजे कोकमाच्या रसाची कढी. एके दिवशी वेणूने केळफुलाची भाजी केली आणि माझी बोटे काळी झाली ती तीन दिवस. सर म्हणाले, “शाळेत सांग, गणितानं झाली.”

तीन दिवस सगळे बरोबर निघत होते. सरांची वाट खरोखर सुंदर होती. एका पायरीवरून दुसरीवर पाय टाकताना ते थांबत, आणि मी “हो” म्हटले की पुढे जात. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “माझ्या बरोबरीचे सगळे गेले. कोणी कॉलेजात तसबीर होऊन बसलाय, कोणी तेवढाही नाही. हे छापून आलं की मी उठायला मोकळा.” वेणू मान खाली घालून लिहीत होती. तिने हेही लिहून घेतले आणि मग खोडले.

चौथा दिवस

सगळ्या सिद्धतेचा पाया एका लहान उदाहरणावर होता: तीन जोड्या. क-ख, ग-घ, च-छ. तिन्ही जोड्यांत एकाच वेळी अदलाबदल करायची, म्हणजे प्रकार दोनच. नियमाप्रमाणे दोन अक्षरांपर्यंतच्या राशी पुरायला हव्यात. कगच अधिक खघछ ही तीन अक्षरांची राशी त्यांतून काढून दाखवायची. सर म्हणाले, हे सोपे आहे, पाच वर्षांपूर्वी वेणूने तपासून ठेवले आहे, पुढे चल.

मी पुढे गेले नाही. सरांनी सांगितलेल्या रीतीनेच करून पाहायचे. चार गुणाकार घ्यायचे, मिळवायचे, जे पद सम वेळा येईल ते कापायचे. सरांच्या म्हणण्याप्रमाणे कगच आणि खघछ ही पदे तीनतीनदा येतात, म्हणून एकेक उरते. मी चारही गुणाकार मांडले. कगच चार वेळा आले. पहिल्या तीन गुणाकारांत तर होतेच, चौथ्यातही होते. सरांनी चौथे धरलेच नव्हते. मी सगळे कापले. काही उरले नाही.

माझे चुकले असेल म्हणून दुसऱ्या कागदावर केले. मग दुसरी वही उघडून ते पान काढले. वेणूच्या गोल अक्षरात वीस पदे होती. विसांवरही एकेक बारीक तिरकी रेघ होती, नीट, एकही न सोडता. खाली लिहिले होते: उरले, कगच + खघछ. त्या अक्षरांखालचा कागद पात्याने खरवडलेला होता. उजेडाकडे धरला तर मूळची अक्षरे दिसत होती: “काही नाही”.

मग मी दुसरी एखादी वाट आहे का ते पाहिले. नाही. कगच अधिक खघछ यासारख्या, प्रत्येक जोडीतले एकेक अक्षर घेणाऱ्या राशी चारच आहेत, आणि लहान राशींचा कोणताही गुणाकार घ्या, त्यातल्या दोन किंवा चार एकत्रच हाती येतात. एकटी एक कधीच सुटून येत नाही. नियमच खोटा होता.

वेणू मागच्या अंगणात भात पाखडत होती. मी पान तिच्यासमोर धरले. तिने सूप खाली ठेवले.

“अकरा वेळा केलं हो,” ती म्हणाली. “दर खेपेला काही उरेना. अण्णा म्हणाले होते, तीन वेळा येतं.”

मी विचारले, तू सांगितलं का नाहीस.

ती म्हणाली की त्याआधी दोनदा तिने सांगितले होते की जुळत नाही, आणि दोन्ही वेळा तिचेच चुकले होते. अण्णा रागावले नव्हते. पण नंतर दोन दिवस त्यांनी काही सांगितले नाही, नुसते झोपाळ्यावर बसून राहिले. “मला वाटलं, आता तिसऱ्यांदा सांगितलं तर थांबवतील. आणि अण्णांचं कसं चुकेल?”

रेघा मात्र तिने मारल्या होत्या. त्या मारल्यावाचून तिला राहवले नाही.

सरांना सांगायचे की नाही हा प्रश्न मला पडला नाही. त्यासाठीच मी आले होते. वेणूला मी म्हणाले, मोजणी चुकली एवढंच सांगेन, तुझं पान काढणार नाही. ती म्हणाली, “सांगा. मी आत असेन.”

पाचवा दिवस

पेज झाल्यावर मी सांगितले. सरांनी पेरांवर मोजले. “चौथ्यातही आहे,” ते म्हणाले. “पहिलंच पद.” मग म्हणाले, दुसऱ्या रीतीने काढू. मी त्या चार राशींच्या जागी घरामागच्या आगरातल्या चार सुपाऱ्या त्यांच्यापुढे मांडल्या आणि सांगितले की प्रत्येक गुणाकार म्हणजे यांतल्या दोन किंवा चार उचलणे किंवा ठेवणे. एकच हातात राहील असे करून दाखवा. ते बराच वेळ सुपाऱ्या उचलत आणि ठेवत बसले. माझ्या वर्गातल्या मुली अशा वेळी पाच मिनिटांत नाद सोडतात. सर जेवणाची वेळ होईपर्यंत सोडेनात. शेवटी चारही सुपाऱ्या त्यांनी झोपाळ्यावर आपल्या शेजारी ठेवल्या.

“उत्तर चुकलं,” ते म्हणाले. तोच आवाज होता.

मला वाटले, संपले. पण ते म्हणाले, “हे मी वेणूकडून तपासून घेतलं होतं. दुसरी वही आण. शेवटची ओळ वाच.”

मी वाचली.

“आणि वरची पदं?”

मी वही मिटायला लागले.

“इंदू, मी विचारतोय.”

त्या माणसापुढे मला वहीत नसलेले वाचता आले नसते. मी म्हणाले, “वीस पदं आहेत सर. वीसही कापलेली.”

“वेणू,” त्यांनी हाक मारली. मोठ्याने नव्हे. ती माजघराच्या दारात येऊन उभी राहिली. हाताला पीठ होते.

“तुला काय उरलं होतं?”

“काही नाही, अण्णा.”

“मग हे का लिहिलंस?”

“तुम्ही सांगितलं होतंत.”

चुलीवरची भाकरी जळल्याचा वास आला. कोणी हलले नाही. सर म्हणाले, “पाच वर्षं मी त्याच्यावर बांधत गेलो.” मग, “आणखी कुठे कुठे?”

“कुठे नाही. हे एकच.”

“हे मी कसं धरायचं?”

फळ्यापाशी उभ्या केलेल्या मुलाला विचारावे तसे त्यांनी विचारले, आणि खरोखर उत्तराची वाट पाहिली. वेणू हाताचे पीठ चोळून काढत राहिली. मी मध्ये पडले. म्हणाले, सर, तुमच्या आणि माझ्या आधी हे तिला सापडलं होतं. तिचं बरोबर होतं.

“बरोबर होतं,” सर म्हणाले, “म्हणूनच म्हणतो.”

त्या दिवशी जेवताना त्यांनी वेणूला वाढायला सांगितले नाही. पान चाचपून जे होते ते खाल्ले.

निघणे

ठरले होते नऊ दिवस. मी सातव्या दिवशी निघाले. राहून करण्यासारखे काही उरले नव्हते. सरांनी चौदाही वह्या पुण्याला न्यायला सांगितल्या. म्हणाले, प्रत्येक ओळ पुन्हा कर, तू कर, आणि काय निघतं ते कळव. मधल्या दोन दिवसांत ते तिच्याशी बोलत होते: पाणी, वारा, दार लाव. मेजावरचा टाक धुऊन ठेवलेला होता. दुपारी वेणू त्या मेजापाशी येऊन बसे, थोडा वेळ बसे, आणि उठून आगरात जाई. पाणी देऊन झालेल्या झाडांना पुन्हा पाणी देताना मी तिला पाहिले.

वह्या तिने धुतलेल्या चादरीत क्रमाने बांधल्या. गाडीपाशी आगळाची बाटली आणि तळलेले गरे दिले, आणि हळूच म्हणाली, “आणखी काही निघालं, तर आधी मला कळवाल? अण्णांना मागाहून.”

मी म्हणाले की दोघांना एकदमच कळवीन. मी तशीच आहे. गंगारामने बैल हाकले तेव्हा मला वाटले की होय म्हणायला हवे होते. पण मी मागे वळून तसे सांगितले नाही.

पुणे

तपासणी होळीपर्यंत चालली. शाळा सुटल्यावर रोज दोन तास. चुका नऊ निघाल्या, सरांच्या पाच, वेणूच्या चार. सगळ्या साध्या, कोणालाही होतील अशा. खरवडलेली जागा दुसरी नाही. फिरवलेले उत्तर दुसरे नाही. कापलेले पद आणि खालची ओळ प्रत्येक पानावर जुळते. ही यादी मी स्वच्छ लिहिली आणि सरांना पाठवली. शेवटी माझ्या सवयीबाहेर जाऊन एक वाक्य जास्त लिहिले, की त्या एका पानाखेरीज या वह्यांवर माझ्या स्वतःच्या वह्यांइतकाच विश्वास ठेवायला हरकत नाही.

पंधरा दिवसांनी जाड लिफाफा आला. अक्षर पाहून मला बरे वाटले, ते वेणूचे होते. सरांनी लिहवले होते की यादी पोचली, श्रमांबद्दल आभारी आहे. नियम सिद्ध होत नाही. पण तो कुठे मोडतो ते लोकांना कळले तर दुसऱ्या कोणाची पाच वर्षे वाचतील, म्हणून तीन जोड्यांचे उदाहरण दोन पानांत लिहून सोबत जोडले आहे, ते तू मासिकाकडे पाठव. वेणूचा उल्लेख पत्रात नव्हता, टिपणातही नव्हता.

मी टिपण तपासले. वीस पदे, वीसही कापलेली, खाली: उरले, काही नाही. सगळे बरोबर होते, आणि मी ते पाठवून दिले.

पत्राच्या शेवटी आणि टिपणाच्या दोन्ही पानांच्या तळाशी एक ओळ होती. टिपणातल्या ओळी मी पाठवण्यापूर्वी कापून टाकल्या, कारण त्या छापायच्या नव्हत्या. पत्रातली माझ्याजवळ आहे. “वरील मजकूर येथील शाळेच्या मास्तरांनी मला दोन वेळा वाचून दाखवला, मी सांगितला तसाच उतरला आहे.” तिच्याखाली सरांची वाकडी, ओळ सोडून गेलेली सही आहे.

ती ओळही वेणूच्याच अक्षरात आहे, गोल आणि सरळ.